फायबरच्या छतास व पत्र्यास भोके पाडण्याची रीत

ट्रॅक्टर बाळगणाऱ्या शेतकऱ्यांपैकी पुष्कळांनी चालकाच्या डोक्यावर सावली असावी म्हणून फायबरचे छत बसवून घेतलेले असते. काही जीपगाड्यांचे टप व काही मालवाहू गाड्यांच्या बॉडीचे भागही ह्याच पदार्थाचे असतात. हे छत हलके असते, गंजत नाही व नीट सांभाळल्यास अनेक वर्षे टिकते. परंतु रात्रीच्या नांगरटीसाठी दिवा, मागचे दिसावे म्हणून आरसा किंवा उन्हाळ्यात लहानसा पंखा ह्यांपैकी काही ना काही त्यास लावण्याची वेळ येतेच, आणि मग त्यास भोक पाडावे लागते. हाताशी असेल ते ड्रिल घेऊन लोखंडी पत्र्याप्रमाणे भोक पाडले जाते व बोल्ट कचकचून आवळला जातो. पुढे एकदोन हंगामांत त्या भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा दिसू लागतात, पावसाचे पाणी आत झिरपते व छत हलक्या प्रतीचे निघाले असा ग्रह होतो. पुष्कळदा छत चांगलेच असते; भोक पाडण्याची रीत मात्र चुकलेली असते.

ही रीत अवघड नाही. गावातील सुतार, लोहार किंवा स्वतः शेतकरीही ती सहज आत्मसात करू शकेल. तथापि फायबर म्हणजे काय हे आधी समजून घेतल्याखेरीज तिच्यातील बारकावे ध्यानात येणार नाहीत.

फायबर कसे बनते

आपण ज्याला फायबर म्हणतो तो पदार्थ एकजिनसी नसतो. काचेचे अतिशय बारीक तंतू व त्यांना एकत्र धरून ठेवणारी राळ, जिला बाजारात रेझिन म्हणतात, अशा दोहोंचा तो संयोग असतो. काचतंतूंची मऊ चटई, म्हणजे मॅट, साच्यात अंथरून तीवर पातळ राळ जिरविली जाते. राळेत हार्डनर मिसळलेला असल्याने ती थोड्या वेळात दगडासारखी घट्ट होते. नेहमीच्या वापरातील ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटचा एक थर जिरवून वाळला की त्याची जाडी सुमारे १ मिलिमीटर भरते. म्हणजे तीन थरांचे छत साधारण एक सूत जाडीचे झाले. साच्यात सर्वांत आधी रंगीत राळेचा एक पातळ थर दिलेला असतो. त्यास जेलकोट म्हणतात. छताची बाहेरची बाजू गुळगुळीत व चकचकीत दिसते ती ह्या जेलकोटमुळेच. त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते आणि त्यात काचतंतू मुळीच नसतात.

सर्व सूत्र ह्या शेवटच्या वाक्यात आहे. छताचे बळ तंतूंत असते, आणि जेलकोटमध्ये तंतू नसल्यामुळे तो बांगडीच्या काचेसारखा ठिसूळ असतो. भोक पाडताना त्यास धक्का बसला की त्यातून केसासारख्या चिरा धावतात. त्या वेळी त्या दिसतही नाहीत. पुढे शेतातील हादऱ्यांनी व उन्हाने त्या उघड्या पडतात. दुसरीकडे, भोक पाडल्यावर कापलेल्या तंतूंची टोके कडेला उघडी पडतात. दिव्याच्या वातीतून तेल वर चढावे तसे ह्या टोकांतून पाणी आत शिरते. राळ व तंतू ह्यांची पकड त्यामुळे सैल होते आणि थर पांढुरके पडून एकमेकांपासून सुटू लागतात. लोखंडाला गंज चढतो तसा हा फायबरचा रोग आहे असे म्हटले तरी चालेल.

काचतंतूंची बॉडी ही काही कालपरवाची गोष्ट नव्हे. अमेरिकेत १९५३ साली शेव्हरोले कॉर्व्हेट ही फायबरच्या बॉडीची मोटार बाजारात आली व त्या पहिल्या वर्षी ३०० गाड्या तयार झाल्या. आपल्याकडेही १९८० नंतरच्या दशकात बंगळूर येथे ‘डॉल्फिन’ नावाची फायबरच्या बॉडीची लहान मोटार बनत असे. अशा गाड्यांच्या दुरुस्तीत कारागिरांनी जे अनुभवाने ठरविले तेच ट्रॅक्टरच्या छतालाही लागू पडते.

आपल्यापुढील वस्तू खरोखर फायबरची आहे की साध्या प्लॅस्टिकची, हे प्रथम पाहून घ्यावे. फायबरची आतली बाजू बहुधा खडबडीत असते व तीत तंतूंचे विस्कटलेले धागे दिसतात. साचेकाम केलेले प्लॅस्टिक दोन्ही बाजूंनी सारखेच गुळगुळीत असते. घरोघरी दिसणाऱ्या पाण्याच्या काळ्या टाक्या प्लॅस्टिकच्याच असतात. त्यांना ह्या लेखातील राळेचे काम लागू नाही, कारण त्यावर राळ चिकटतच नाही.

कामाची जागा व स्वतःची काळजी

फायबर कापताना उडणारी धूळ साध्या मातीच्या धुळीसारखी समजू नये. तीत काचेचे तुकडे असतात. ते त्वचेत टोचून खाज आणतात, डोळ्यांत गेल्यास इजा करतात व बारीक धूळ श्वासाबरोबर छातीत जाते. ह्यास्तव डोळ्यांवर बंद बाजूंचा चष्मा, तोंडावर धुळीसाठीचा चांगला मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा व हातमोजे इतके साहित्य असल्याशिवाय कामास हात घालू नये. नाकाला पंचा गुंडाळणे पुरेसे नाही. बारीक धूळ त्यातून आरपार जाते.

गोठ्यात, खळ्यावर अथवा कडब्याच्या गंजीजवळ हे काम करणे सर्वस्वी वर्ज्य समजावे. वैरणीवर पडलेली काचेची धूळ झटकून निघत नाही आणि जनावर ती निवडून टाकू शकत नाही. वारा गोठ्याकडून आपल्याकडे येत असेल अशी मोकळी जागा निवडावी व खाली जुने प्लॅस्टिकचे कापड अंथरावे. काम संपल्यावर झाडू मारू नये. झाडल्याने धूळ पुन्हा हवेत उडते. ती ओल्या फडक्याने टिपून, कापडासकट गुंडाळून टाकावी. अंगाला खाज सुटल्यास चोळू नये. आधी वाहत्या गार पाण्याने अंग धुऊन मग साबण लावावा. कामाचे कपडे घरातील इतर कपड्यांत मिसळून धुऊ नयेत. लहान मुलांच्या अंगड्यात हे तंतू गेले तर मूल रात्रभर का रडते ते कोणासही कळणार नाही.

छत ट्रॅक्टरवरच ठेवून डोक्यावर हात करून भोक पाडण्याचा मोह होतो, कारण ते उतरविण्याचा कंटाळा येतो. परंतु बहुतेक छते मोजक्या बोल्टांवर बसविलेली असतात व दोन माणसे ती सहज खाली घेतात. बाजेवर गोणपाट घालून त्यावर छत ठेवले म्हणजे काम नजरेसमोर येते, आधार मिळतो व धूळ डोळ्यांत पडत नाही.

जागा ठरविणे

भोकाची जागा छताच्या कडेपासून पुरेशी आत असावी. भोकाच्या व्यासाच्या तिप्पट अंतर कडेपासून सोडावे असा साधारण नियम आहे. सहा मिलिमीटरच्या, म्हणजे दोन सुती बोल्टासाठी, हे अंतर किमान २० मिलिमीटर धरावे. दोन भोकांमध्ये व्यासाच्या पाचपट अंतर असावे. जेथे छताला बाक किंवा घडी आहे तेथे भोक टाळावे, कारण तेथे आधीच ताण असतो.

आतल्या बाजूने बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. काही छतांत बळकटीसाठी लाकडाची पट्टी, लोखंडी नळी किंवा फोम दोन थरांमध्ये घातलेला असतो व काहींत दिव्याच्या तारा आधीच ओढलेल्या असतात. आवाज बदलला की आत काहीतरी आहे असे समजावे. फोम किंवा लाकूड असलेल्या जागी भोक पाडणे अटळच असेल तर भोकाभोवतीचा बोटभर गर कोरून काढून ती पोकळी राळेने भरावी लागते, नाही तर भोकातून शिरलेले पाणी आतल्या आत कुजत राहते.

ह्याच ठिकाणी एक इशारा देणे आवश्यक वाटते. छताखालचा लोखंडी सांगाडा ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचविण्यासाठी बसविलेला असू शकतो. अशा सांगाड्याच्या खांबांना दिव्यासाठी किंवा आरशासाठी कधीही भोक पाडू नये व त्यावर वेल्डिंगही करू नये. त्याने त्याचे बळ घटते. फायबरचे छत मात्र केवळ सावलीसाठी आहे. ट्रॅक्टर उलटल्यास ते माणसाचे रक्षण करील अशी समजूत कोणी बाळगू नये. वाहनात करावयाचा बदल परिवहन विभागाच्या नियमांत बसतो की नाही ह्याचीही आधी चौकशी केलेली बरी.

लहान भोके

जागा ठरली की तेथे कागदी चिकटपट्टीचे दोन थर लावून त्यावर पेन्सिलीने खूण करावी. पट्टीमुळे जेलकोटचे कपचे उडत नाहीत व ड्रिल घसरत नाही. लोखंडावर करतात तसा पंच ठेवून हातोडीचा ठोका मात्र देऊ नये. त्या एका ठोक्याने जेलकोटला चांदणीसारखी चीर जाते व पुढची सर्व मेहनत वाया जाते. आरीचे टोक खुणेवर ठेवून हातानेच फिरविल्यास ड्रिलचे टोक बसेल इतका खळगा पडतो.

भोक नेहमी बाहेरच्या, म्हणजे चकचकीत बाजूने पाडावे. ड्रिल ज्या बाजूने आत शिरते तेथे ते जेलकोटला तंतूंवर दाबते. ज्या बाजूने बाहेर पडते तेथे थर ढकलून फाडते. आतून बाहेर भोक पाडल्यास जेलकोटची खपली उडते ती ह्यामुळेच. आतल्या बाजूसही थर फाटू नयेत म्हणून मागे लाकडाची सपाट फळी घट्ट दाबून धरावी व ड्रिल सरळ त्या फळीत उतरू द्यावे.

ड्रिल धारदार असावे. काच लोखंडाची धार फार लवकर मारते, त्यामुळे साध्या ड्रिलाने थोडी भोके पाडली की ते बोथट होते व कापण्याऐवजी घासू लागते. जळक्या राळेचा उग्र वास आला किंवा भोकाची कड तपकिरी दिसली तर ड्रिल बोथट झाले, गती फार झाली किंवा दाब जास्त पडला असे समजावे. पुष्कळ भोके पाडावयाची असल्यास कार्बाइडच्या टोकाचे ड्रिल घेणे अंती स्वस्त पडते.

प्रत्यक्ष कृती अशी की, ड्रिल यंत्र प्रथम उलट्या दिशेने फिरवून हलक्या हाताने जेलकोटचा थर घासून काढावा. उलटे फिरणारे ड्रिल खुपसले जात नाही, केवळ घासत जाते, म्हणून ठिसूळ थर फुटत नाही. खालचे तंतू दिसू लागले की यंत्र सुलट करून ३ मिलिमीटरचे भोक आरपार न्यावे. त्यानंतर ते टप्प्याटप्प्याने मोठे करावे. तीनवरून एकदम दहा मिलिमीटरचे ड्रिल लावल्यास ते कडेस अडकून हिसका देते व कपचा उडतो. पायऱ्यापायऱ्यांचे शंकूसारखे ड्रिल मिळते; ह्या कामासाठी ते सर्वांत चांगले. विजेवर चालणाऱ्या यंत्राजवळ धूळ बसविण्यासाठी पाणी शिंपडू नये. पाणी हवेच असेल तर ते काम थांबवून, यंत्र बाजूस ठेवून, फडक्याने लावावे.

भोक बोल्टापेक्षा किंचित मोठे हवे. सहा मिलिमीटरच्या बोल्टास सात मिलिमीटरचे भोक पाडावे. उन्हाने फायबर व लोखंड सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. बोल्टास हलण्यास जागा नसेल तर तो भोकाच्या कडेवर रेटा देतो व तेथून चीर सुरू होते. भोक तयार झाल्यावर बाहेरच्या तोंडाशी जेलकोटची कड हाताने फिरविलेल्या मोठ्या ड्रिलाने किंवा गोल कानशीने थोडी उतरती करावी. हे दोन मिनिटांचे काम आहे आणि तेच बहुधा टाळले जाते. उतरत्या कडेवर वायसरचा दाब ठिसूळ जेलकोटऐवजी खालच्या तंतूंवर येतो.

मोठी भोके व चौकोनी खिडक्या

छतात बसविण्याचा गोल दिवा किंवा पंखा ह्यांसाठी तीनचार इंच व्यासाचे भोक लागते. त्यासाठी गोल करवत, म्हणजे होल सॉ, वापरावी. दाते असलेल्या करवतीपेक्षा कार्बाइडचे कण बसविलेली करवत अधिक स्वच्छ कापते. तिचे मधले ड्रिल आरपार गेले की करवत मंद गतीने उलटी फिरवून जेलकोट कापावा, मग सुलट करून निम्म्या जाडीपर्यंत न्यावे आणि तेथे थांबावे. उरलेले निम्मे कापणे आतल्या बाजूने, त्याच मधल्या भोकात ड्रिल बसवून, पुरे करावे. दोन्ही बाजूंनी कापल्यामुळे कोणत्याच बाजूचा थर फाटत नाही.

चौकोनी खिडकी कापावयाची असेल तर कोपरे कधीही काटकोनी ठेवू नयेत. हादऱ्यांचा सारा ताण टोकदार कोपऱ्यात गोळा होतो व तेथूनच छत फाटते. सदऱ्याच्या काजाचे टोक जसे आधी उसवते तसाच हा प्रकार. चारही कोपऱ्यांवर प्रथम निदान १२ मिलिमीटर व्यासाची भोके पाडावी व मग त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषा कापाव्या. कोपरे आपोआप गोल होतात. अधिक गोलाई देता आल्यास अधिक चांगले.

रेषा कापण्यास जिगसॉ यंत्र सोयीचे असते. त्याचे पाते वर येताना कापते, म्हणून चकचकीत बाजूवरून कापल्यास कपचे उडतात. शक्य असल्यास आतल्या बाजूवर खूण करून तेथून कापावे. यंत्राच्या बुडाने जेलकोटवर ओरखडे पडू नयेत म्हणून बाहेरून कापताना त्या भागावरही पट्टी लावावी. कापताना खुणेच्या आत दीड-दोन मिलिमीटर राखावे. उरलेला भाग कानशीने काढावयाचा असतो. शेवटचा तुकडा सुटताना त्यास खालून हाताचा किंवा पट्टीचा आधार हवा, नाही तर तो आपल्या वजनाने लोंबून कड फाडतो.

वीज नसेल तर काम अडत नाही. खुणेच्या आतल्या बाजूने हातड्रिलाने ४ मिलिमीटरची भोके एकापुढे एक, जवळजवळ लागून पाडत जावे व मधले धागे हॅकसॉच्या पात्याने तोडावे. पात्याच्या एका टोकाला फडके गुंडाळले की ती चांगली हातकरवत होते. वेळ जास्त लागतो, पण हादरे कमी बसत असल्याने काम पुष्कळदा यंत्रापेक्षाही स्वच्छ उतरते.

कड नीट करणे

कापलेली कड अर्धगोल कानशीने खुणेपर्यंत आणावी. कानस चालविण्याची दिशा महत्त्वाची आहे. ती बाहेरून आत, म्हणजे जेलकोटकडून मागच्या बाजूकडे ढकलावी व परत आणताना उचलून आणावी. आतून बाहेर ओढलेली कानस जेलकोट उचलते. त्यानंतर लाकडी ठोकळ्याला ८० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून घासावे, मग १२० व २४० नंबरचा घ्यावा. गोल भोकासाठी ठोकळ्याऐवजी योग्य जाडीची काठी वापरावी. पाण्यावर चालणारा कागद ओला करून घासल्यास धूळ उडत नाही. कडेवरून बोट फिरविण्यापूर्वी जुना मोजा किंवा कापूस फिरवून पाहावा. तंतू उभे असतील तर त्यात धागे अडकतात.

आता उघड्या तंतूंची तोंडे राळेने बंद करावयाची. पाणी लावले असेल तर कड पूर्ण वाळू द्यावी. ओलसर तंतूंवर राळ धरत नाही. पावसाळ्यात हे काम निघाल्यास छत एक दिवस उन्हात ठेवूनच पुढे जावे.

राळ व हार्डनर ह्यांविषयी येथे जरा विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण खरा धोका ड्रिलमध्ये नसून ह्या बाटल्यांत आहे. राळ घट्ट होण्यास दोन द्रव्ये लागतात: एक कोबाल्टचे जांभळट द्रव्य व दुसरा हार्डनर. ही दोन एकमेकांत सरळ मिसळल्यास भडका उडतो. म्हणून कोबाल्ट आधीच मिसळलेली राळ विकत घ्यावी आणि कोबाल्टची वेगळी बाटली घरात आणूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हार्डनर पाण्यासारखा स्वच्छ दिसतो. तो दुसऱ्या बाटलीत, विशेषतः पाण्याच्या किंवा औषधाच्या बाटलीत, कधीही ओतून ठेवू नये. त्याचा एक थेंब डोळ्यांत गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. तसे घडल्यास क्षणाचाही विलंब न लावता पापण्या उघड्या धरून निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी व लगेच डॉक्टरांकडे न्यावे. आधी डॉक्टर शोधून मग पाणी, असा उलटा क्रम करू नये. हार्डनर सांडलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून ती पाण्यात बुडवून मग टाकावी. ही बाटली ऊन व लोखंडाचा कीस ह्यांपासून दूर, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. राळेची वाफ पेट घेणारी असल्याने जवळपास चूल, स्टोव्ह किंवा बिडी नको.

चारदोन भोकांच्या कडांसाठी ५० ग्रॅम राळ पुष्कळ होते. शंभर ग्रॅम राळेस १ ते २ ग्रॅम हार्डनर हे प्रमाण असते. म्हणजे ५० ग्रॅमला अर्धा ते एक ग्रॅम. अंदाजाने ओतण्याऐवजी सुई नसलेल्या सिरिंजने अर्धा ते एक मिलिलिटर मोजून घ्यावा व ती सिरिंज नंतर तोडून टाकावी, म्हणजे चुकून जनावरांच्या औषधासाठी कोणी वापरणार नाही. उन्हाळ्यात प्रमाण कमी, थंडीत थोडे अधिक असावे. मिसळल्यावर साधारण वीस मिनिटांत राळ घट्ट होऊ लागते. विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्याच्या दुपारी तितकाही वेळ मिळत नाही, तेव्हा काम सकाळी उरकावे. मिश्रण खोल भांड्यात ठेवल्यास तापून धूर सोडते. पसरट भांडे घ्यावे.

लहान ब्रशने राळ कडेवर लावावी, ती तंतूंत जिरू द्यावी व दहा मिनिटांनी दुसरा हात द्यावा. साधी राळ हवेच्या स्पर्शाने वरून चिकट राहते व त्यावर धूळ बसते. म्हणून शेवटचा हात मेण मिसळलेल्या राळेचा द्यावा. दुकानात टॉपकोट किंवा फ्लोकोट मागितल्यास ती मिळते. रंग छताच्या रंगाशी जुळता घेतला तर कड दिसतही नाही. एक दिवस वाळू देऊन मगच बोल्ट लावावे.

बोल्ट, वायसर व दिव्याची तार

फायबरमध्ये नुसता स्क्रू पिळून बसवू नये. एक सूत जाडीत त्यास पकड मिळत नाही व शेतातील हादऱ्यांनी तो आठवड्यात सैल होतो. आरपार बोल्ट घ्यावा, दोन्ही बाजूंस बोल्टाच्या तिप्पट-चौपट व्यासाचे रुंद वायसर घालावे व बाहेरच्या वायसरखाली रबराचा वायसर असावा. आरसा किंवा दिवा ह्यांसारखी लोंबती, हेलकावणारी वस्तू असेल तर आतून ॲल्युमिनियमची पट्टी किंवा प्लायवूडचा तुकडा द्यावा, म्हणजे ओझे तळहाताएवढ्या जागेवर विभागले जाते. नट आवळताना रबर किंचित फुगले की थांबावे. लोखंडी पत्रा आवळला तर दबतो; फायबर दबत नाही, चिरडते. हादऱ्याने नट सुटू नये म्हणून अधिक आवळण्याऐवजी नायलॉनची कडी असलेला नट वापरावा. फटीत सिलिकॉन भरावयाचे असल्यास ते सर्व रंगकाम व राळकाम आटोपल्यावर भरावे, कारण सिलिकॉन लागलेल्या जागी पुढे रंग किंवा राळ धरत नाही.

दिवा लागत नाही म्हणून नवा दिवा बदलून आणणारे पुष्कळ आढळतात. लोखंडी बॉडीवर एकच तार पुरते, कारण परतीचा प्रवाह बॉडीतून जातो. फायबरमधून वीज वाहत नाही. म्हणून येथे प्रत्येक दिव्यास दुसरी तार लावून ती चॅसीला किंवा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडावी लागते. बारा व्होल्टच्या ५५ वॅट दिव्यास सुमारे साडेचार अँपिअर प्रवाह लागतो. त्यास दीड चौरस मिलिमीटरची तार व साडेसात अँपिअरचा फ्यूज असावा. तार ज्या भोकातून जाते त्यात रबरी कडी बसविल्याशिवाय राहू नये. राळ लावलेली कडही हादऱ्यांनी तारेचे आवरण हळूहळू कापते व ठिणगी पडते. रस्त्यावर ट्रॅक्टर चालविताना छतावरचा दिवा बंद ठेवावा. समोरून येणाऱ्याचे डोळे त्याने दिपतात.

चुकलेले भोक बुजविणे

जागा चुकली किंवा जुना दिवा काढला तर भोक मातकट पुटीने भरून वर रंग मारण्याची पद्धत आढळते. अशी पुटी एका पावसाळ्यानंतर गळून पडते, कारण भोकाच्या उभ्या कडेवर तिला धरण्यास जागाच नसते. भोक आतल्या बाजूने बशीसारखे उतरते घासावे. ही उतरण छताच्या जाडीच्या बारापट रुंद असावी. तीन मिलिमीटर जाडीस सर्व बाजूंनी सुमारे ३६ मिलिमीटर. बाहेरच्या बाजूवर गुळगुळीत पारदर्शक पॉलिएस्टरचा कागद पट्टीने ताणून चिकटवावा. आतून प्रथम रंगीत जेलकोटचा पातळ थर द्यावा व तो बोटाला जरासा चिकट लागेल इतका घट्ट होऊ द्यावा. मग मॅटच्या गोल चकत्या, सर्वांत लहान आधी व सर्वांत मोठी शेवटी, एकावर एक राळेत भिजवून बसवाव्या. एक चौरस फूट मॅट भिजविण्यास सुमारे १०० ग्रॅम राळ लागते. ब्रश ओढू नये, टोचत टोचत दाबावा. ओढल्याने तंतू सरकतात. पांढरेपणा जाऊन मॅट पारदर्शक दिसू लागली म्हणजे आत हवा उरली नाही असे समजावे.

जुन्या भोकापासून चीर निघालेली असेल तर आधी तिचे टोक शोधावे. कोरड्या जागेवर शाईचा बोळा फिरवून पुसल्यास चिरेत शाई राहते व ती कोठवर गेली आहे ते दिसते. त्या टोकावर ३ मिलिमीटरचे भोक पाडल्यास चीर पुढे सरकत नाही. त्यानंतर शाई भरलेला भाग व चिरेच्या दोन्ही बाजू वर सांगितल्याप्रमाणे उतरत्या घासून त्यावर मॅटचे दोन-तीन थर चढवावे. चोवीस तासांनी पुढचा कागद सोलून काढावा, उंचवटा २४० नंबरच्या व मग ४०० नंबरच्या ओल्या कागदाने घासावा आणि बुजविलेल्या जागेवर नवे भोक पाडावयाचे असल्यास ते आणखी एक दिवस जाऊ देऊन पाडावे.